पोकोनोजचं घर, जर्सीचं लायसन्स आणि हँडगनची खरेदी

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब न्यू जर्सीत, एडिसनला राहतं. ग्रीन कार्ड आहे, ड्रायव्हिंग लायसन्स जर्सीचं. पेनसिल्वेनियात पोकोनोजच्या डोंगरात त्यांनी दुसरं घर घेतलंय. बहुतेक शनिवार-रविवार आणि मुलांच्या उन्हाळी सुट्टीतले आठवडे ते तिकडेच असतात. घर झाडीत, शेजार लांब, रात्री अंगणात अस्वलं येतात, म्हणून तिथे एक हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, ठेवावी असं मनात आहे. तिथल्या एका दुकानात जर्सीचं लायसन्स बघताच ‘जमणार नाही’ म्हणाले. दुसऱ्या दुकानात म्हणाले, ‘टॅक्सचं बिल घेऊन या, मग बघू.’ आणि एक मित्र ठामपणे सांगतोय, तिथे तुमची मालमत्ता आहे म्हणजे तुम्ही तिथले रहिवासी, दुकानदाराला विकावीच लागेल.

मित्राचं ऐकू नका. दोन्ही दुकानांचं मात्र आपापल्या परीने बरोबर आहे. पेनसिल्वेनियात परवानाधारक डीलरकडे कागदपत्रं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दोन्ही राज्यांच्या सीमेवरची डेलावेअर नदी ओलांडून येणारी ‘दुसऱ्या घराची’ गिऱ्हाइकं हा आमच्या शनिवारचा ठरलेला भाग असतो. मी वकील नाही. जिथे वकील गाठायलाच हवा, तिथे तसं सांगते.

आपल्याकडे भारतात आधी परवाना आणि मग हत्यार असा क्रम डोक्यात पक्का असतो. अमेरिकेत तसं सरसकट नाही. पेनसिल्वेनियात घरात हँडगन ठेवायला परवाना लागत नाही, जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट लागतं आणि न्यूयॉर्कमध्ये नुसती जवळ बाळगायलाही लायसन्स लागतं. या सगळ्यांच्या वर एक केंद्रीय नियम आहे आणि तुमचं गाडं तिथे अडलंय. डीलरने हँडगन फक्त स्वतःच्या राज्याच्या रहिवाशालाच द्यायची. हा नियम १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची हत्या झाली ती रायफल शिकागोच्या दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती. मग १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अशी बिनओळखीची विक्री बंद करण्याला जोर आला. १९८६ च्या दुरुस्तीत रायफल आणि शॉटगनच्या बाबतीत नियम सैल झाला. दोन्ही राज्यांचे कायदे पाळले तर त्या परराज्यातल्या दुकानातून समोरासमोर घेता येतात. हँडगनला ती सवलत मिळाली नाही.

आता ‘रहिवासी’ म्हणजे कोण? केंद्रीय नियमावलीतली व्याख्या छोटी आहे. माणूस एखाद्या राज्यात घर करून राहण्याच्या इराद्याने हजर असेल, तर तो त्या राज्यात राहतो. दोनच गोष्टी: इरादा आणि हजेरी. खाली उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं दुसरं जणू तुमच्याकडे बघूनच लिहिलंय. एका माणसाचं एका राज्यात घर आहे आणि दुसऱ्या राज्यातही घर आहे. शनिवार-रविवार किंवा उन्हाळ्याचे महिने सोडले तर तो पहिल्या घरी राहतो आणि ते दिवस दुसऱ्या घरी. पहिल्या राज्यात प्रत्यक्ष राहत असताना तो पहिल्या राज्याचा रहिवासी, दुसऱ्यात राहत असताना दुसऱ्याचा. पहिल्या उदाहरणातला माणूस शिकारीला, मासेमारीला किंवा कामासाठी परराज्यात गेलाय. तेवढ्याने तो तिथला रहिवासी होत नाही.

म्हणजे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला दोन राज्यांचं निवासित्व असू शकतं, फक्त एकाच वेळी नाही. शुक्रवारी रात्री सामान घेऊन घरी आलात, शनिवारी दुकानात गेलात, तर तुम्ही पेनसिल्वेनियाचे. बुधवारी ऑफिसमधून लवकर निघून इंटरस्टेट ८० ने तासाभरासाठी आलात आणि संध्याकाळच्या जेवणाला एडिसनला परत, तर त्या दिवशी तुम्ही जर्सीचे, आणि दुकानदाराने तुम्हाला हँडगन देणं बेकायदा.

मित्राचा मुद्दा इथेच बाद होतो. एटीएफ, म्हणजे या सगळ्यावर देखरेख करणारं केंद्रीय खातं, स्वतःच स्पष्ट सांगतं की दुसऱ्या राज्यात नुसती मालमत्ता असणं पुरेसं नाही. रिकामा प्लॉट असेल तर नाही. घर वर्षभर भाड्याने दिलं असेल आणि तुम्ही फक्त छप्पर दुरुस्तीला जात असाल, तरी नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींनी पोकोनोजमध्ये बरीच घरं घेतली आहेत. त्यातली बरीचशी पाहुण्यांना रोजच्या भाड्याने देण्यासाठीची आहेत आणि मालक वर्षातून एखाद्या वेळी झाडलोट बघायला येतात. त्यांना मी काउंटरवर सरळ विचारते, ‘तुमचे कपडे आहेत का त्या घरात?’ उत्तराआधी जी शांतता पसरते, त्यावरून पुष्कळ कळतं.

लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा डोमिसाईलमुळे होतो. महाराष्ट्रात वाढलेल्याला डोमिसाईल म्हणजे १५ वर्षांच्या वास्तव्याचा तहसील कचेरीतला दाखला, आणि तो एकाच राज्याचा. इथे आल्यावर टॅक्सवाला १८३ दिवसांचा हिशेब सांगतो. त्यामुळे प्रत्येक जण विचारतो, ‘मग किती दिवस राहावं लागतं?’ बंदुकीच्या केंद्रीय नियमात दिवसांचा आकडा नाही. पूर्वी परदेशी नागरिकांना, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांनाही, ९० दिवसांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागायचा. ती अट २०१२ मध्ये काढली. तुम्ही आयकर जर्सीचे रहिवासी म्हणून भरता आणि शनिवारी पेनसिल्वेनियाचा पत्ता लिहून हँडगन घेता, यात विसंगती नाही. दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी विचारतात.

न्यूयॉर्कमधलं एक प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. आल्फ्रेड ऑस्टरवाइल नावाच्या गृहस्थांनी आपलं मुख्य घर लुइझियानाला हलवलं, पण न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी काउंटीतलं जुनं घर उन्हाळ्यासाठी ठेवलं आणि तिथे पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अर्ज केला. लायसन्स देणाऱ्या न्यायाधीशांनी नकार दिला, कारण ते तिथे कायमचे राहत नव्हते. प्रकरण केंद्रीय अपील कोर्टात गेलं. तिथल्या खंडपीठावर सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओ’कॉनर होत्या. त्यांनी घटनात्मक प्रश्नाला हात घालण्याआधी राज्याच्याच सर्वोच्च कोर्टाला विचारलं, तुमच्या कायद्याचा अर्थ सांगा. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर आलं: डोमिसाईल दुसरीकडे असलं, तरी न्यूयॉर्कमध्ये अर्धवेळ राहण्याचं घर असलेला माणूस अर्ज करू शकतो. न्यूयॉर्कसारख्या कडक राज्यातसुद्धा मुख्य घर आणि निवास या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या. अर्ज करता येतो याचा अर्थ लायसन्स मिळतंच असा नव्हे, तो भाग वेगळा.

आता काउंटरवरची गोष्ट, कारण तुमचं काम अडलंय ते कायद्यात नव्हे, कागदात. प्रत्येक खरेदीला एटीएफचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात सध्याचा निवासाचा पत्ता लिहायचा, पोस्ट बॉक्स चालत नाही. फॉर्मच्या सूचनांमध्येच लिहिलंय की दोन राज्यांत घरं असतील, तर खरेदीच्या वेळी जिथे राहत आहात तो पत्ता लिहा, आणि उदाहरण वीकएंडच्या घराचंच दिलंय. ओळखपत्र सरकारी हवं आणि त्यावर नाव, फोटो, जन्मतारीख आणि निवासाचा पत्ता अशा चार गोष्टी हव्यात. चारही एकाच कागदावर असायलाच हव्यात असं नाही. जर्सीच्या लायसन्सवरून नाव, फोटो आणि जन्मतारीख घ्यायची, आणि पेनसिल्वेनियाचा पत्ता दुसऱ्या सरकारी कागदावरून. दुसऱ्या दुकानाने टॅक्सचं बिल मागितलं ते यासाठी. त्यांना नियम ठाऊक आहे. तिथेच जा.

बिल मात्र नीट बघून न्या. पोकोनोजमध्ये काउंटी-टाउनशिपचा एक आणि शाळेचा एक असा प्रॉपर्टी टॅक्स येतो, आणि बहुतेकांनी टपालाचा पत्ता जर्सीचा दिलेला असतो. बिलावर वरती एडिसन आणि कुठे तरी कोपऱ्यात पार्सल नंबर, एवढंच असेल तर दुकानदार हात वर करणार. घराचा पूर्ण पत्ता आणि तुमचं नाव दोन्ही छापलेलं हवं. घर एलएलसीच्या, म्हणजे स्वतः काढलेल्या छोट्या कंपनीच्या, नावावर असेल तर ते बिल तुमच्या निवासाचा पुरावा होत नाही. अकाउंटंटच्या सल्ल्याने एलएलसी केलेले कितीतरी जण इथे अडकतात. घर फक्त बायकोच्या नावावर असेल, तर ते बिल घेऊन खरेदी बायको करू शकते, तुम्ही नाही. अशा वेळी त्या घराच्या पत्त्यावर नोंदवलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर असेल तर ते चालतं. विजेचं बिल, इंटरनेटचं बिल, बँकेचं पत्र चालत नाही, कारण ते खासगी कंपनीचं, सरकारी नव्हे.

एक गोष्ट कळवळून सांगते. कुणी तरी तुम्हाला ‘व्होटर कार्ड दाखवा, सोपं आहे’ असं म्हणेल. ग्रीन कार्डवर मतदार नोंदणी करू नका, कोणत्याही कारणासाठी नाही. एका कागदाच्या सोयीसाठी नागरिकत्वाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो.

नावाचंही बघा. फॉर्मवर पूर्ण मधलं नाव लागतं. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ग्रीन कार्डावर ते पूर्ण, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर आणि टॅक्सच्या बिलावर गायब, असा प्रकार मी नेहमी बघते. कागदोकागदी नाव बदललं की तपासणी रेंगाळते. सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे, पण देशपांडे, पाटील, जोशी अशा आडनावांना तो द्यावा असं माझं मत. दुसऱ्याच कुणाच्या नोंदीशी तुमचं नाव जुळायचं संकट टळतं. नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिहायचं आणि ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर भरायचा. ग्रीन कार्डधारकाला हँडगन घ्यायला केंद्रीय आडकाठी नाही. डीलरकडून घेताना वय २१ पूर्ण हवं.

पुढची तपासणी पेनसिल्वेनियात राज्य पोलीस करतात. तिला पिक्स म्हणतात, १९९८ पासून चालू आहे, फी दोन डॉलर आणि वर विक्रीमागे तीन डॉलर. राज्याचा वेगळा विक्रीनोंदीचा फॉर्मही असतो. सक्तीची थांबण्याची मुदत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत असेल तर त्याच दिवशी हातात मिळते. खासगी माणसाकडून स्वस्तात घ्यायचा विचार असेल तर तीही पळवाट नाही. पेनसिल्वेनियात नवरा-बायको, आई-वडील-मुलं, आजी-आजोबा-नातवंडं सोडून बाकी सगळे हँडगनचे व्यवहार डीलर किंवा शेरीफच्या कचेरीतूनच होतात.

तरीही पहिल्या दुकानाने नाही म्हटलं, ते का चालतं? कारण विकायची सक्ती डीलरवर नाही. एटीएफचे निरीक्षक येतात, फॉर्म उलटेपालटे करून बघतात, आणि आता ते फॉर्म धंदा बंद होईपर्यंत जपून ठेवावे लागतात. एका चुकीच्या परराज्य विक्रीपायी परवाना धोक्यात घालण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेलं परवडलं, असा हिशेब काही जण करतात. मला तो फार भित्रा वाटतो, पण बेकायदा नाही. तिथे वाद घालत बसू नका.

हेच घर फ्लोरिडात असतं तर केंद्रीय नियम तोच, पण तिथे तीन दिवस थांबावं लागतं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. तपासणी लांबली तर त्याहून जास्त. हँडगन ताब्यात घ्यायच्या दिवशी तुम्हाला फॉर्मवर पुन्हा सही करून माहिती अजून खरी आहे असं सांगावं लागतं. म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीत पैसे भरून जर्सीला परत आलात आणि जानेवारीत नेवार्कहून सकाळच्या विमानाने जाऊन संध्याकाळी परत, असं जमत नाही. त्या दिवशीही तुम्ही तिथे राहत असायला हवं. कॅलिफोर्नियात तर दहा दिवस थांबणं, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र आणि निवासाचा राज्याच्या पद्धतीचा पुरावा अशी वेगळीच जत्रा आहे. तिथे केंद्रीय व्याख्येवर भागत नाही.

खरेदीपर्यंत ठीक. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या रविवार संध्याकाळची, तुम्ही एडिसनला परत निघता तेव्हाची. हँडगन कुठे राहणार हे खरेदीआधी ठरवा. तुम्ही म्हणता ती डोंगरातल्या घरासाठी आहे. मग ती तिथेच राहू द्या. पेनसिल्वेनियाचा कायदा, बाळगण्याचं लायसन्स नसलेल्यालाही, दुकानातून घरी नेताना ती रिकामी आणि नीट गुंडाळलेली असेल तर मुभा देतो. इतकंच नव्हे, घर आणि सुट्टीचं घर यांच्यामधली ने-आणही तो नाव घेऊन मान्य करतो. पण हे नदीच्या अलीकडे. पलीकडे जर्सीचा कायदा सुरू होतो, आणि तिथल्या सवलतीत एका निवासातून दुसऱ्या निवासात नेण्याची गोष्ट आहे ती घर बदलताना, दर आठवड्याला नव्हे.

जर्सीत विनापरवाना हँडगन बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं, आणि ग्रेव्हज ॲक्ट या बंदुकीच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरवणाऱ्या जर्सीच्या कायद्याखाली साधारणपणे किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला अटलांटिक काउंटीत गाडी थांबवल्यावर अटक झाली. तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं होतं की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हे माझं पेनसिल्वेनियाचं लायसन्स. ते लायसन्स जर्सीत चालत नव्हतं. पुढे तिचा खटला टळला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी माफी दिली, पण मधलं दीड वर्ष तिने कसं काढलं असेल याचा विचार करा. ग्रीन कार्डवाल्याला तर गुन्हा सिद्ध झाला की बंदुकीसंबंधीचा गुन्हा म्हणून थेट देशाबाहेर काढण्याची कारवाई मागे लागते. तिथे नुसता फौजदारी वकील पुरत नाही, इमिग्रेशनचाही लागतो.

‘पण केंद्रीय कायद्यात प्रवासाला संरक्षण आहे ना?’ आहे, १९८६ पासून. जिथे बाळगणं कायदेशीर अशा एका ठिकाणाहून तशाच दुसऱ्या ठिकाणी जाताना, हँडगन रिकामी, गोळ्या वेगळ्या आणि दोन्ही हाताशी न येतील अशा, डिकीत. पण ते वाटेतल्या राज्यांसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्वेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं नेवार्कमध्ये पुढचं विमान चुकलं. सामान हातात आलं, तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर प्रामाणिकपणे हँडगन जाहीर केली. अटक झाली. २०१० मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर ती पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही. तुमचा रस्ता तर जर्सीतच संपतो.

शिवाय पेनसिल्वेनियात विकल्या जाणाऱ्या साध्या ग्लॉक १९ सोबत १५ गोळ्यांची मॅगझिन येते, आणि जर्सीत २०१८ च्या कायद्याने मर्यादा १० ची आहे. चुकून बॅगेत राहिलेली रिकामी मॅगझिनसुद्धा तिथे गुन्हा ठरते.

तेव्हा डोंगरातल्या घरात, जमिनीला बोल्ट केलेल्या तिजोरीत. आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असलेलं घर चोराला बरोबर कळतं. मधल्या काळात ते घर पाहुण्यांना भाड्याने देत असाल, तर माझं मत सरळ आहे: एक तर भाडं, नाही तर हँडगन.

एडिसनच्या घरी हवी असेल तर जर्सीच्या रस्त्याने जा. गावच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्यांची नावं, फायरआर्म्स आयडी कार्डाचे ५० डॉलर, प्रत्येक हँडगनच्या परमिटचे २५. परमिट ९० दिवस चालतं, कारण दाखवलं तर आणखी ९०. ते हातात आलं की पेनसिल्वेनियाच्या दुकानातली आवडलेली हँडगनही घेता येते. फक्त ती तुमच्या हातात न देता जर्सीच्या डीलरकडे पाठवली जाते आणि तिथे फॉर्म भरून तुम्ही ती उचलता.

भावाची आठवण प्रत्येकाला होतेच: ‘माझा भाऊ पेनसिल्वेनियात ॲलनटाउनला असतो, तो घेऊन देईल.’ नको. खरा घेणारा कोण, हा फॉर्मवरचा प्रश्न आहे. ब्रूस अब्राम्स्की हे व्हर्जिनियातले माजी पोलीस. पोलीस सवलतीत मिळेल म्हणून त्यांनी पेनसिल्वेनियातल्या काकांसाठी ग्लॉक १९ घेतली. काकांनी आधीच ४०० डॉलरचा चेक दिला होता. काका बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते, आणि पुढची देवाणघेवाण पेनसिल्वेनियाच्या डीलरमार्फतच झाली. तरीही फॉर्मवर ‘मीच घेणारा’ म्हटल्याबद्दल त्यांना दोषी धरलं गेलं आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम केलं. त्या खोट्या उत्तराला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. २०२२ पासून, बंदूक बाळगायला अपात्र असलेल्या किंवा ती गंभीर गुन्ह्यात वापरणार असलेल्या माणसासाठी जाणूनबुजून खरेदी करणं हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला १५ वर्षांपर्यंत.

‘परराज्यातल्या माणसाला हँडगन नाही, हा नियम कोर्टात उडेल’ असं म्हणणारेही भेटतात. एकदा उडाला होता. टेक्सासचा एक डीलर आणि वॉशिंग्टन डीसीमधलं एक जोडपं २०१५ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, पण २०१८ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. नियम जागेवर आहे.

अस्वलांबद्दल थोडं. पोकोनोजची काळी अस्वलं तुमच्यासाठी येत नाहीत, कचऱ्याच्या डब्यासाठी येतात. डबा गॅरेजात ठेवा, पक्ष्यांचं खाणं उन्हाळ्यात टांगू नका, दारापाशी बेअर स्प्रे ठेवा. आणि घराच्या रक्षणासाठीच काही हवं असेल, तर शॉटगनचा विचार केलात का? ती १९८६ च्या त्या सवलतीत बसते. जर्सीचं फायरआर्म्स आयडी कार्ड असेल तर जर्सीचे रहिवासी म्हणूनसुद्धा पेनसिल्वेनियातून घेता येते, आणि बुधवार-शनिवारचा प्रश्नच उरत नाही.

शेवटचं, प्रश्नात नसलेलं पण विचारलंच जाणारं. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेऊन एक फोटो काढायची हौस असते. ते बी-२, म्हणजे पर्यटक, व्हिसावर असतात. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याने बंदूक हातात धरणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ सगळे यातच. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना जवळ असेल तर अपवाद आहे, पण बाबांकडे तो नसतो. घरात अशा व्हिसावरचं कुणी राहायला असेल, तर तिजोरीचा आकडा त्यांना सांगू नका. दुकानात शनिवारी सकाळी लवकर या. अकरानंतर रांग लागते.